वाहनाचे वाहन

मुखेडहून जांबकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून माझ्या थोरल्या भावाचे गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याचे एक शेड, पुढे ऑइलने काळी पडलेली जमीन, एक लिंबाचे झाड आणि त्या झाडाखाली गेली कित्येक वर्षे उभी असलेली एक गाडी. तिला कोणत्याही कंपनीचे नाव नाही. गॅरेजातली पोरे तिला ‘पालखी’ म्हणत. गेल्या महिन्यात अण्णांनी ती भंगारात द्यायचे ठरवले आणि मला फोन केला. “सर, द्यायच्या आधी एकदा बघून जा,” एवढेच म्हणाले. मी महाविद्यालयात लागलो तेव्हापासून ते मला ‘सर’ म्हणतात. सुरुवातीला त्यात थट्टा होती, पुढे सवय झाली. मला मात्र त्या हाकेची सवय अजून झालेली नाही.

ही पालखी काय होती, ते आधी सांगायला हवे. विदर्भाला लागून असलेल्या आमच्या पट्ट्यात शंकरपट भरतात. बैलांची जोडी हलक्या छकड्याला जुंपायची, धुरकऱ्याने त्यावर तोल सावरत बसायचे आणि ठरलेले अंतर काही सेकंदांत कापायचे. शर्यतीचा छकडा ओझ्यासाठी नसतो. त्याचे लाकूड इतके बेताचे असते, की खडीच्या रस्त्याने दोन गावे ओलांडली तर शर्यतीआधीच तो खिळखिळा व्हायचा. बैलांचेही तसेच, शंभर किलोमीटर चालून आलेला बैल पटावर काय धावणार? म्हणून धावणाऱ्यांना टेम्पोत घालून न्यावे लागते. ‘टेम्पो’ हा शब्द आपण कोणत्याही लहान मालगाडीला लावतो. मुळात ते हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचे नाव आहे आणि बजाज टेम्पोमार्फत ते आपल्या बोलीत येऊन मुरले.

टेम्पोची अडचण अशी, की त्याचा हौदा उंच असतो. ओळखीच्या एका शेतकऱ्याचा बैल उतरताना घसरला आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. तो गृहस्थ गॅरेजवर येऊन नुसता बसून राहिला. अण्णांनी त्याला चहा दिला आणि २०१३च्या हिवाळ्यात कामाला हात घातला. पंधरा वर्षे भरत आलेली एक ट्रॅक्स त्यांनी घेतली. मागचा सांगाडा कापला, लोखंडी चॅनल जोडून लांबवला आणि खाली आणला. एस.टी.च्या भंगारातला ॲल्युमिनियमचा पत्रा बाजूंना लावला, एक दार दुसऱ्याच जीपचे बसवले. आतल्या कडांना जुन्या टायरचे रबर, खाली गोणपाट आणि त्यावर कडबा. मागे उघडणारी लांब फळी, तिच्यावर आडव्या पट्ट्या, म्हणजे खूर अडतो. छकड्यासाठी बैलांच्या डोक्यावर वेगळी जागा. सगळे मिळून तीन महिने लागले. मजुरी किती घेतली हे मी विचारले नाही, घेतली नसावी.

त्या काळात मी अण्णांना एकदा म्हणालो होतो, की बैल नेण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? ते वेल्डिंगची काच बाजूला करून म्हणाले, “धावणारं जनावर आहे. नेणारी गाडी वाईट आसंल तर ते तिथं पोचंपर्यंतच हरतंय.” मी हसून विषय बदलला. तेव्हा मला संशोधन पुरे करायची घाई होती.

या वाक्याचा अर्थ मला पुढे कित्येक वर्षांनी, एका परदेशी गाडीची हकिगत वाचताना लागला. मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या शर्यत विभागाचे प्रमुख आल्फ्रेड नॉयबाउअर यांना शर्यतीची गाडी वाहून नेणारी एक वेगवान गाडी हवी होती. शर्यतीची गाडी साध्या रस्त्याने चालवत नेणे म्हणजे तिचे आयुष्य वाया घालवणे. साध्या ट्रकवर नेणे म्हणजे वेळ घालवणे. मैदानावर काही बिघाड निघाला तर गाडी झटकन कारखान्यात आणता यावी आणि तितक्याच लवकर परत नेता यावी, असा विचार होता. १९५४मध्ये कारखान्यातल्याच लोकांनी अशी एकच गाडी तयार केली. त्यांचीही रीत अण्णांसारखीच! ३०० एस या गाडीचा सांगाडा घेऊन लांबवला, ३०० एसएल या स्पोर्ट्स कारचे इंजिन बसवले, दारे आणि इतर सुटे भाग १८० या साध्या मोटारीचे वापरले. चालकाची केबिन पुढच्या चाकांच्याही पुढे सरकवली, म्हणजे पाठीवर जागा मोकळी झाली. रंग निळा दिला. पाठीवर गाडी असताना तिचा वेग ताशी १७० किलोमीटरपर्यंत जाई. १ मे १९५५ रोजी स्टर्लिंग मॉसने इटलीतली मिल्ले मिल्या ही शर्यत मर्सिडीजच्या गाडीतून जिंकली, तेव्हा त्याची सरासरी ताशी १५७ किलोमीटरच्या आसपास होती. विजेत्याच्या सरासरीहून वाहकाचा कमाल वेग अधिक, हे वाचून मी थबकलो.

लोक तिला ‘निळे आश्चर्य’ म्हणू लागले. जर्मन भाषेत हा वाक्प्रचार अवचित बसलेल्या धक्क्यासाठी वापरतात, तेव्हा या नावात कौतुक होते तसा मिस्किलपणाही होता. पण तिचा काळ फार थोडा ठरला. ११ जून १९५५ रोजी ल मान्सच्या शर्यतीत मर्सिडीजची एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले. वाहून नेण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा वाहकालाही काम उरले नाही. काही दिवस ती अमेरिकेत प्रदर्शनांत मिरवली, काही वर्षे चाचणी विभागात राबली आणि १९६७मध्ये मोडीत निघाली. तिने वाहिलेल्या गाड्या मात्र संग्रहालयात गेल्या.

आमच्या पालखीच्या नशिबीही एवढाच काळ होता. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. बंदीचे कारण खोटे नव्हते; बैलांना पिळताना, टोचताना मी स्वतः पाहिले आहे. त्यामुळे माझे मन तेव्हाही दोन्हीकडे होते आणि आजही आहे. अण्णांनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी पालखी लिंबाखाली उभी केली, तिच्या चाकांखाली दगड लावले आणि ते ट्रॅक्टरच्या कामाकडे वळले. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने महाराष्ट्रात अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पट पुन्हा भरू लागले. पण तोवर पालखीची नोंदणी संपली होती आणि ती पुन्हा होण्याजोगीही नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे मूळ नोंदीतला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. रस्त्यावरच्या इतरांच्या जिवासाठी तो नियम हवाच. अण्णांनाही तो ठाऊक होता. त्यांनी गाडी केली ती बैलाचा पाय डोळ्यांपुढे ठेवून, कलम ठेवून नव्हे.

डिसेंबर २०२१मध्येच सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांची गोष्ट महाराष्ट्रभर गेली. भंगारातले भाग जोडून त्यांनी मुलासाठी एक चारचाकी बनवली होती आणि ती दुचाकीसारखी लाथ मारून सुरू होई. ही गाडी नियमांत बसणारी नाही, म्हणून तिच्या बदल्यात आनंद महिंद्रा यांनी त्यांना बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२मध्ये ती दिलीही. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून मी वर्गात सांगत असे. आता लोहारांचे गाव म्हणूनही सांगतो. मी ती बातमी अण्णांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “चांगलं झालं. त्याची गाडी कुणी तरी ठिवून घेतली.” बोलेरोविषयी ते काहीच बोलले नाहीत.

ठेवून घेणे हीच खरी गोष्ट आहे. स्कॉटलंडच्या एकुरी एकॉस या संघाने १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्स जिंकले. पुढे त्यांच्यासाठी कॉमर कंपनीच्या सांगाड्यावर तीन गाड्या वाहणारा एक देखणा ट्रक बांधण्यात आला. खेळणी करणाऱ्या कॉर्गी कंपनीने त्याची छोटी प्रतिकृतीही काढली. हा ट्रक टिकला आणि डिसेंबर २०१३मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे १८ लाख पौंडांना विकला गेला. मर्सिडीजलाही उशिरा चूक उमगली. मोडलेल्या निळ्या गाडीची प्रतिकृती करण्याचे १९९३मध्ये ठरले. पण मूळ आराखडे हाती नव्हते. जुन्या छायाचित्रांवरून मापे काढत काढत काम चालले आणि गाडी २००१ साली पुरी झाली. जी वस्तू पहिल्यांदा काही महिन्यांत उभी राहिली, ती आठवणीतून परत आणायला आठ वर्षे लागली.

मराठीच्या विद्यार्थ्याला येथे लीळाचरित्र आठवल्यावाचून राहत नाही. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभट गावोगाव फिरले, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडून विचारून घेतले आणि टिपले. पुढे परचक्राच्या धामधुमीत ती पोथीही हरवली, तेव्हा हिराइसेसारख्या अनुयायांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करावी लागली. आज आपण जे वाचतो ते अशा वाहून आणणाऱ्यांच्या पाठीवरून आलेले आहे. हे मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवतो. परीक्षेला त्यावर टीपही विचारतो.

माझ्या प्रबंधात ऋणनिर्देशाची दोन पाने आहेत. मार्गदर्शक, विभागप्रमुख, ग्रंथपाल, टंकलेखक, मित्र यांची नावे त्यात आहेत. शेवटच्या ओळीत ‘आणि कुटुंबीय’ असे दोन शब्द आहेत. वडील गेले तेव्हा अण्णा दहावी झाले होते आणि मी चौथीत होतो. ते दुसऱ्याच्या गॅरेजात पाने उचलू लागले. नांदेडला एम.ए.ला असताना माझी खोली, मेस आणि पुस्तके दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पोचत. नोटांना ग्रीसचा वास येई. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलांची खांदमळणी करतो. जू वागवून कढलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळायची आणि कानाशी म्हणायचे, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. शंकराच्या देवळात तर वाहनालाच देवासमोरची जागा असते. नंदीच्या शिंगांमधून पाहिल्याशिवाय पिंडीचे दर्शन पुरे होत नाही. वाहणाऱ्याला कसे वागवावे याची एवढी रीत ज्या भाषेत आहे, तिचा मी पगारी शिक्षक आहे. आणि मला दोन शब्दांत भागले असे वाटले होते.

फोन आला त्या रविवारी मी गॅरेजवर गेलो. सोमवारी भंगारवाला येणार होता. मी अण्णांना विचारले, “पालखीचा एखादा फोटो आहे का?” त्यांनी वहिनींकडून अल्बम मागवला. पटाचे तीन फोटो निघाले. तिन्हींत बैल, गुलाल, ढाल आणि हार घातलेला मालक. एकात बैलाच्या शिंगामागे पालखीचे अर्धे दार दिसत होते. तेवढेच. जिंकणाऱ्याचा फोटो काढताना नेणारी गाडी चौकटीबाहेर राहते, यात कुणाचा दोष नाही. आम्ही मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो घेतले. पण मोडीत गेल्यावर नुसत्या फोटोंवरून मापे काढणे काय असते, ते मी वाचले होते. म्हणून मी पिशवीतून वही काढली आणि म्हणालो, “अण्णा, मापं सांगा.”

“लिहून काय करणारेस?” इतक्या वर्षांनी त्यांनी मला एकेरीत हाक मारली, आणि ते त्यांच्याही लक्षात आले नाही.

“ठेवतो.”

त्यांनी टेप घेतला. चष्मा लावूनही आकडे नीट दिसेनात, तेव्हा टेपचे एक टोक माझ्याकडे दिले. मागचा हौदा नऊ फूट दोन इंच. जमिनीपासून उंची दीड फुटाला तीन सूत कमी. फळीची लांबी, दोन पट्ट्यांमधले अंतर. “हे आंतर असंच का?” मी विचारले. त्यांनी हाताचा पंजा फळीवर ठेवला आणि बैल उतरताना पाय कुठे टाकतो ते वाकून दाखवले. पुढचे पाय आधी येतात, सारे वजन त्यांवर पडते, म्हणून खालच्या तीन पट्ट्या जवळ जवळ आहेत. मी तेही लिहिले. चुकलो तिथे त्यांनी खोडायला लावले. विद्यार्थ्याचा प्रबंध तपासताना मी जितका कडक असतो, त्याहून ते अधिक कडक होते. ट्रॅक्सचे इंजिन मर्सिडीजच्या परवान्याखाली बनलेले, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होते. मलाच सांगायचे सुचले नव्हते, म्हणाले. दुपार कलेपर्यंत सतरा पाने भरली.

शेवटी मी पहिल्या पानावर वर ‘पालखी, मुखेड, २०१३’ असे लिहिले. खाली बनवणाऱ्याचे नाव लिहिले आणि वही त्यांच्या हाती दिली. त्यांनी हात पुसून ती घेतली, डोळ्यांपासून लांब धरून वाचली आणि परत केली.

“मधलं नाव राहिलं की रं,” ते म्हणाले.

मी वडिलांचे नाव मध्ये घातले. जागा कमी होती, बारीक अक्षरात लिहावे लागले.