गल्लींतील गोल्फ आणि स्थानिक नियम

व्याकरण शिकवितांना उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम आणि अपवाद म्हणजे विशेष नियम हा भेद मुलांच्या गळीं उतरविणें फार कष्टाचें असतें. नियम सांगितला कीं मुलें तो पाठ करितात. अपवाद सांगितला कीं कपाळाला आंठ्या घालितात. पाणिनीनें तो केवळ त्यांना छळण्यासाठींच राखून ठेविला होता अशी त्यांची समजूत! ह्या आंठ्या आम्हीं ३४ वर्षें पाहिल्या. परंतु अपवाद हा नियमाचा शत्रु नसून घरचाच माणूस आहे, हें ज्याला एकदांही समजावून द्यावें लागलें नाहीं असा विद्यार्थी आम्हांस निवृत्तीनंतर भेटला. आणि हें ज्ञान तो कोणत्याही पाठशाळेंतून नव्हे, तर गोल्फ नांवाच्या खेळांतून घेऊन आला होता. वाचकांस हें चमत्कारिक वाटेल, म्हणून सविस्तर सांगतों.

आम्ही घाटकोपरास राहतों. आमचा एक जुना विद्यार्थी चेंबूरच्या एका वस्तींत राहून रिक्षा चालवितो. त्याचा मुलगा यंदा दहावीस असून त्यानें संस्कृत घेतलें आहे. गेल्या जूनमध्यें बाप त्याला घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, तुम्हीच याला काय ते सांगा. शाळेतून आला की गल्लीत गोल्फ. माझा भाऊ कॅडी आहे, त्याच्या नादानं हा बिघडला. उद्या हाही दुसऱ्यांच्या थैल्या उचलत बसला तर माझं काय राहिलं?" मुलगा खालीं मान घालून पायाच्या अंगठ्यानें फरशी उकरीत होता. बापाचा आक्षेप खेळावर नसून थैलीवर आहे, हें आमच्या तेव्हांच ध्यानांत आलें. गोल्फमध्यें खेळणारा हात हालवीत पुढें चालतो आणि त्याच्या काठ्यांची जड थैली खांद्यावर घेऊन कॅडी मागून चालतो. बापाला आपला मुलगा त्या मागच्या जागीं दिसत होता.

चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब हा १९२७ सालचा. त्यापूर्वीं पुष्कळ अगोदर, १८४२ सालीं, मुंबईंत गोल्फचा क्लब निघाला होता. आणि कलकत्त्याचा तर १८२९ चा, म्हणजे ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वांत जुना. सभासदांच्या क्लबांत आमच्यासारख्याचें काम काय? तेव्हां तेथील हिरवळ आम्हीं रस्त्यानें जातां-येतांच काय ती पाहिली. परंतु आसपासच्या वस्त्यांतून राहणाऱ्या कॅडी मंडळींनीं आणि त्यांच्या मुलांनीं हा खेळ घरीं नेला, चिंचोळ्या गल्ल्यांतून तो रुजविला, आणि पोलंडचा एक छायाचित्रकार येऊन त्याचीं चित्रें जगभर दाखवून गेला, ही गोष्ट आमच्या शेजाऱ्यांपैकीं एकालाही ठाऊक नव्हती.

मुलाच्या चुलत्यानें आम्हांस कोणत्याशा क्लबाचें गुण मांडण्याचें एक जुनें कार्ड आणून दिलें. त्याच्या पाठीवर बारीक टाइपांत 'लोकल रूल्स' छापलेले होते. पांढऱ्या खांबांपलीकडे चेंडू गेला तर तो मैदानाबाहेर. तांबड्या किंवा पिवळ्या खांबांच्या आंत दंडाची जागा. आधाराची काठी लावलेलें लहान झाड आड आलें तर चेंडू फुकट बाजूला घ्यावा. दुरुस्तीसाठीं रेघ मारून ठेविलेल्या जमिनींतूनही तसाच बाहेर काढावा. आम्हीं तें कार्ड चष्मा लावून दोनदां वाचलें, आणि खरेंच सांगतों, एखाद्या सूत्रग्रंथाचें परिशिष्ट वाचल्याचा आनंद झाला. मूळ नियम सगळ्या जगाला एकच. १७४४ सालीं एडिंबरोजवळच्या लीथ येथें ते प्रथम लिहिले गेले तेव्हां अवघे १३ होते. पुढें वाढतां वाढतां ३४ झाले, आणि २०१९ सालीं आवरून २४ करण्यांत आले. परंतु जमीन कांहीं सगळीकडे एक नसते. म्हणून प्रत्येक मैदानाच्या मंडळाला आपल्या पुरते स्थानिक नियम करण्याची मोकळीक आहे; मात्र ते मूळ नियमाच्या हेतूला धरून असले पाहिजेत. केवळ कोणाला सोईचें वाटतें एवढ्यावरून मूळ नियम मोडतां येत नाहीं. ह्याहून उत्सर्गापवादाची व्याख्या ती निराळी कोणती?

मुंबईचा पावसाळाच घ्या ना. सांताक्रुझच्या वेधशाळेंत २००५ सालच्या २६ जुलैस एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, हें उपनगरांत राहणारा कोणीही विसरणार नाहीं. तो दिवस सोडला तरी जून ते सप्टेंबर येथील जमीन म्हणजे भिजविलेली कणीक. चेंडू आपल्याच आघातानें चिखलांत रुतून बसतो. स्कॉटलंडच्या वाळवंटी किनाऱ्यावर जन्मलेल्या नियमानें, 'चेंडू पडला असेल तसाच मारा' म्हणून हट्ट धरला, तर खेळणाऱ्यानें काय कुदळ आणावी? म्हणून रुतलेला चेंडू वर काढण्याची आणि तात्पुरत्या सांचलेल्या पाण्यांतून बाजूस घेण्याची मुभा मूळ नियमांतच आहे. शिवाय जमीन वाईट असेल त्या दिवसांत चेंडू उचलून, पुसून, वीतभर अंतरांत पुन्हां ठेवण्याची परवानगी स्थानिक नियमानें देतां येते. दुसऱ्या महायुद्धांत, १९४० सालीं, लंडनजवळच्या रिचमंड येथील क्लबानें तर बाँबवर्षावासाठीं नियम केले होते. मारतांना जवळ बाँब फुटून नेम चुकला तर दुसरा चेंडू मारण्यास हरकत नव्हती. मात्र एका फटक्याचा दंड! इंग्रजांचें हें ध्यान पाहून हंसूं येतें खरें, परंतु आकाशांतून मृत्यु पडत असतांही दंड माफ न करणाऱ्या त्या लोकांविषयीं थोडा आदरही वाटतो.

आमचे शेजारी निवृत्त वकील आहेत. त्यांना हें सारें पोरखेळ वाटलें. "नियम तो नियम, जागोजाग बदलूं लागला तर तो नियम कसला?" असें ते म्हणाले. त्यांस आम्हीं बौधायनाची आठवण दिली. उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील आचारांचे भेद त्या धर्मसूत्रकारानें स्वच्छ नोंदून ठेविले आहेत, आणि मामाच्या मुलीशीं विवाह हा दक्षिणेकडील आचारांत गणिला आहे. वकीलसाहेबांच्या मातोश्री आणि वडील हीं मामे-आतेभावंडेंच होतीं. तेव्हां स्थानिक नियम नसता तर हा आक्षेप घेण्यास ते स्वतः अस्तित्वांतच नसते! पाणिनीनेंही पूर्वेकडील लोक असें म्हणतात, उत्तरेकडील तसें, हें ठिकठिकाणीं सांगितलें आहेच. वकीलसाहेब चहा घेऊन निघून गेले.

असो. ऑगस्टांत एका रविवारीं आम्ही ती गल्ली पाहावयास गेलों. दोन माणसें समोरासमोर आलीं तर एकानें आडवें व्हावें एवढी तिची रुंदी. एका कडेनें उघडें गटार, वर दोरीवर कपडे, दोहों बाजूंस पत्र्याचीं घरें. मुलांच्या काठ्या म्हणजे इमारतीच्या कामांतील वांकविलेल्या लोखंडी सळया. मुठीला रबरी नळीचा तुकडा. चेंडू प्लॅस्टिकचा. सिमेंटची गल्ली खणतां येत नाहीं, म्हणून खळगा म्हणजे आडवा ठेविलेला रंगाचा रिकामा डबा. असे डबे पांच.

आम्हीं मुलास नियम विचारले. वर्गांत रूपें म्हणतांना अडखळणारा हा मुलगा येथें घडाघडा बोलूं लागला. "सर, नळाला पाणी आलं की खेळ बंद, मग कोणाचा कितवाही शॉट असो. गटारात गेला तर काढायचा, धुवायचा, एक शॉट पेनल्टी. दोरीवरच्या कपड्याला लागला तर दोन. दाराच्या आत गेला तर आधी हाक मारायची. घरातल्यांनी दिला तर उंबऱ्याबाहेर ठेवून मारायचा, पेनल्टी नाही. नाही दिला तर हरवला." हरवलेला चेंडू शोधावयास मूळ नियमाप्रमाणें तीन मिनिटें मिळतात, ह्यांच्यापाशीं घड्याळ नसल्यामुळें शंभर अंक मोजतात. गटाराचा नियम ऐकून तर आम्ही चकितच झालों. लीथच्या त्या पहिल्या तेरा नियमांत घाणेरड्या पाण्यांत पडलेल्या चेंडूविषयीं हुबेहूब अशीच योजना आहे: चेंडू बाहेर काढावा आणि प्रतिपक्षास एक फटका द्यावा. ह्या मुलांनीं लीथचें नांवही ऐकलेलें नव्हतें. सारखी अडचण आली म्हणजे अडीचशें वर्षांच्या अंतरानेंही माणसाची बुद्धि सारखीच चालते.

एका निळ्या दाराजवळ मात्र मुलगा आवाज खालीं आणून बोलूं लागला. तेथला माणूस रात्रपाळी करून दिवसा झोंपतो. त्याच्या पत्र्यावर दुपारीं चेंडू वाजला तर मारणाऱ्याचा डाव तेथेंच संपतो. दंड-बिंड नाहीं, सरळ घरीं जावयाचें. संध्याकाळीं पांचनंतर तोच पत्रा साधा अडथळा होतो. चेंडू पडेल तेथून खेळावा. "आणि सर, गल्लीत मयत झालं तर दहाव्यापर्यंत त्या दारावरून मारायचं नाही. डबा फिरवून लावतो आम्ही." हा नियम कोणी केला, असें आम्हीं विचारिलें. "कोणी नाही. सगळ्यांनी," असें तो म्हणाला.

आमच्या घरच्या इमारतींत सभासदांची समिति आहे, वार्षिक सभा आहे, छापील उपविधि आहेत. आणि खालच्या मजल्यावरील आजारी माणसाच्या डोक्यावर रात्रीं अकरापर्यंत टेबलें ओढलीं जातात.

पुढच्या आठवड्यांत आम्हीं त्याला संधि शिकविला. ई-पुढें आ आला म्हणजे 'या' होतो, हा सामान्य नियम. परंतु 'कवी आगच्छतः' येथें तसें होत नाहीं. कारण द्विवचनाच्या ई, ऊ आणि ए ह्यांचा पुढील स्वराशीं संधि होत नाहीं. दोघे कवि आहेत, त्यांचें दोनपण झांकूं नये, असें आम्ही शिकवितांना सांगत असूं. मुलगा क्षणभर वहीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे निळं दार." आम्हीं त्याच्या वहींत त्या रूपाखालीं तेंच लिहूं दिलें. आजतागायत तें रूप तो चुकलेला नाहीं.

बापास आम्हीं सांगितलें, कीं सहा वाजेपर्यंत मुलास खेळूं द्यावें, मग आमच्याकडे पाठवावें. थैलीची भीति असेल तर ती परीक्षेनें जाईल, सळई हिसकावून घेतल्यानें जाणार नाहीं. त्याचें समाधान झालें असें म्हणवत नाहीं. "सर, तुम्हांला ठीक आहे," एवढेंच तो बोलला, आणि त्यांत त्याचें कांहीं चुकलें असेंही आम्हांस वाटत नाहीं. त्याच्या भावानें २० वर्षें दुसऱ्यांचे चेंडू शोधिले आहेत. तथापि मुलगा रोज साडेसहास येतो. परीक्षा मार्चांत आहे.

मध्यंतरीं वस्तीच्या पुनर्वसनाची मोजणी सुरू झाली. दारादारांवर आंकडे पडले आणि गल्लींतून आडव्या पांढऱ्या रेघा मारल्या गेल्या. त्या दिवशीं खेळांत मोठा वाद माजला. पांढरी खूण म्हणजे मैदानाची हद्द, तेव्हां रेघेपलीकडे गेलेला चेंडू बाद, असें कांहीं मुलांचें म्हणणें. परंतु तसें धरलें तर तीन डबे हद्दीबाहेर जात होते. शेवटीं चुलता कामावरून परत आला. त्यानें रेघ पाहिली, थैलीच्या पट्ट्यानें दुखावलेला खांदा चोळला, आणि निवाडा दिला, कीं ही हद्द नव्हे, दुरुस्तीची जमीन आहे. रेघेवर आलेला चेंडू उचलून बाजूस ठेवावा, दंड नाहीं. मुलांनीं तो मान्य केला आणि अडलेला डाव तेथून पुढें चालू झाला.