नाळ कापण्याआधी थोडा सब्र

अकोटच्या आमच्या घरी सुनेचे दिवस भरत आले आहेत. तिचे हिमोग्लोबिन कमी, म्हणून आम्ही डॉक्टरांना आधीच विचारले, ‘नाळ थोडी थांबून कापाल ना?’

जन्मल्यावरही काही मिनिटे वारेतले रक्त नाळेतून बाळाकडे येते. त्यातले लोह पुढचे काही महिने पुरते, मेंदूच्या वाढीला लागते. स्वीडनमध्ये तीन मिनिटांनी नाळ कापलेली मुले चौथ्या वर्षी हाताच्या बारीक कामांत थोडी सरस दिसली. बुद्ध्यांकात फरक नव्हता. आपल्याकडेही २०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात नाळ उशिरा कापण्यावर भर आहे.

बाळाने श्वास घेतला नाही, तर निर्णय डॉक्टरांचा. एरवी आपण घरच्यांनी घाई करू नये. कानात अजान तीन मिनिटांनी दिली, तरी ती अजानच.