नाण्याचा दर्जा कोण ठरवतो?

१/ समजा, एखाद्या तरुण संग्राहकाच्या हाती १९११चा पंचम जॉर्जचा रुपया आला. राजाच्या वस्त्रावरील अलंकारसाखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, रुपया मागे घेण्यात आला आणि १९१२ पासून सुधारित हत्तीचा रुपया निघाला. संग्राहक त्याला ‘पिग रुपया’ म्हणतात. हा रुपया आता प्रमाणित करून घ्यावा, तर कोणाकडून? 🧵

२/ आज जगभर चालणारे १ ते ७० हे मोजमाप १९४९ साली डॉ. विल्यम शेल्डन यांनी मांडले, तेही केवळ जुन्या अमेरिकी तांब्याच्या सेंटसाठी. १ दर्जाच्या नाण्याला जी किंमत, तिच्या सत्तरपट ७० दर्जाच्या नाण्याला, असा त्यामागचा हिशेब होता. किमतींचे ते गणित लवकरच मोडले; आकडे मात्र उरले. शेल्डन पेशाने मानसशास्त्रज्ञ. माणसांच्या शरीरयष्टीलाही ते १ ते ७ असे आकडे देत.

३/ याच शेल्डन यांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून त्यांच्या जागी स्वतःकडची हलकी नाणी ठेवली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर जुन्या छायाचित्रांशी ताडून उघड झाले. मोजपट्टी चांगली असली म्हणजे ती धरणारा हात स्वच्छ असतोच असे नाही.

४/ विकत घेताना नाणे ‘झिजलेले’ आणि विकताना तेच ‘उत्तम’, ही व्यापाऱ्यांची जुनी रीत. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेत १९८६ साली पीसीजीएस कामाला लागली आणि १९८७ साली एनजीसी आली. नाणे पाहायचे, आकडा द्यायचा आणि प्लॅस्टिकच्या पेटीत, म्हणजे ‘स्लॅब’मध्ये, कायमचे बंद करायचे. पुढे एकाच आकड्याच्या दोन नाण्यांतही फरक दिसू लागला. तेव्हा एनजीसीचे संस्थापक जॉन अल्बानीज यांनीच २००७ साली, स्लॅबमधली अमेरिकी नाणी पुन्हा पारखून हिरवा शिक्का देणारी तिसरी संस्था काढली. परीक्षकांवरही परीक्षक!

५/ म्हणून संस्था निवडताना प्रसिद्धी दुय्यम मानावी. पहिला प्रश्न हमीचा: नाणे पुढे बनावट ठरले तर भरपाई कोण देणार? अपवादांची कलमेही वाचावीत. तांब्याच्या रंगबदलाला अनेकदा हमी लागू नसते. दुसरा प्रश्न, आपल्या प्रकारची नाणी त्या संस्थेने किती पाहिली आहेत? शुल्क, विमा आणि टपाल मिळून नाण्याच्या किमतीला पुरून उरत असेल, तर विचार तिथेच सोडावा. स्लॅबचेही बनावट निघतात. त्यावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर ताडावा.

६/ चिंच लावून लख्ख केलेल्या नाण्याला या संस्था बहुधा आकडा देतच नाहीत. नाणे अस्सल, पण घासलेले, एवढाच शेरा मिळतो. आजोबांच्या पेटीतले नाणे चकचकीत करण्याचा मोह असंख्य घरांत झालेला आहे, आणि गेलेला पृष्ठभाग परत येत नाही.

७/ शिवराईचा प्रश्न निराळा. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ अशी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे हातोड्याने ठोकून पाडलेले. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे पुष्कळ नाण्यांवर अर्धीच अक्षरे उमटतात. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांसाठी घोटलेली नजर इथे तोकडी पडते. एनजीसीचा प्राचीन नाण्यांचा विभाग ठसा आणि पृष्ठभाग यांना पाचपैकी वेगवेगळे गुण देतो; शिवराई प्राचीन नव्हे, पण तिच्या वाचनाला ती रीत अधिक जवळची वाटते.

८/ आता पिग रुपयाकडे. पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू होय, आणि केंद्र सरकारच्या अधिकाराविना ती देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘फक्त तपासणीसाठी’ म्हणून टपालात टाकलेले पाकीटही याला अपवाद नाही. ही रेषा दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते. १९४०च्या दशकातला रुपया आज फ्लोरिडाला जाऊ शकतो, १९११चा नाही.

९/ तेव्हा त्याची पारख इथेच व्हायला हवी. चांदीच्या या रुपयाचे प्रमाणवजन ११.६६ ग्रॅम, वापरातल्या झिजेने थोडे कमी भरेल, जास्त भरल्यास शंका घ्यावी. मग भिंगाखाली हत्तीची सोंड पाहावी, १९१२चा रुपया शेजारी ठेवून.