शेवगा, तवा आणि उपग्रह

आमच्या आणि आमच्या धाकट्या बंधूंच्या घरांमध्ये एक शेवगा आहे. वडिलांच्या वाटणीपत्राप्रमाणे विहिरीच्या कठड्यापासून ६० फुटांवर हद्द. शेवगा हद्दीच्या अलीकडे की पलीकडे, यावर आमचा ८ इंचांचा मतभेद होता. ८ इंच म्हणजे फार नव्हे; पण भावाभावांत बोलणे बंद व्हायला तेवढे पुरतात. चार वर्षे शेंगा झाडावर वाळत होत्या आणि दोन्ही घरे त्या बाजारातून विकत आणीत होती.

निवृत्तीनंतर मला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागला. घरातले दोन रेडिओ कायमचे गप्प केल्यावर मी आकाशाकडे वळलो. म्हटले, आता उपग्रहांनीच निवाडा करावा!

प्रथम मोबाइल घेऊन झाडाखाली उभा राहिलो. नकाशावरचा निळा ठिपका आमच्या अंगणातून निघाला, बंधूंच्या स्वयंपाकघरात डोकावला आणि शेवटी विहिरीत स्थिरावला. त्याचा तरी काय दोष? उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. वेळ मोजताना सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक झाली, तरी इथे फूटभर जमीन इकडची तिकडे. मे २००० पर्यंत तर अमेरिका नागरी संदेशात, गवळ्याने दुधात पाणी घालावे तशी, मुद्दाम चूक मिसळीत असे. ती थांबली, पण वाटेत वातावरण संदेशाला रेंगाळत ठेवते, ते आहेच.

यावर तोड म्हणजे ‘आरटीके’. त्यात दोन यंत्रे लागतात. ‘बेस’ने एका जागी ढिम्म बसायचे. आपण हललो नाही तरी आकडे हलताहेत, म्हणजे चूक वरची, हे ओळखायचे आणि तसे रेडिओवरून ‘रोव्हर’ला कळवायचे. रोव्हरने ती चूक वजा करीत गावभर हिंडायचे.

“म्हणजे माझं नि तुमचं चाललंय तेच की!” सौ. म्हणाली.

सुट्या भागांना किती पैसे पडले ते इथे लिहीत नाही. सौ. माझे लेख वाचते.

अँटेनाखाली धातूचा पत्रा हवा, जमिनीवरून उसळून येणाऱ्या लहरी अडवायला. अँटेनाच्या बुडाला लोहचुंबक असते. डोशाच्या लोखंडी तव्याला ती अशी काही चिकटली, की तव्यासकट गच्चीवर गेली. आमच्याकडचे डोसे बंद झाले.

“अहो, ६० फूटच मोजायचे ना? शिवणाच्या डब्यात टेप आहे.”

“टेप सैल पडते,” मी म्हणालो. शास्त्राचा मार्ग सोपा नसतो.

रोव्हर काठीला बांधून विहिरीपाशी गेलो. थोड्याच वेळात पडद्यावर ‘फिक्स’! या लहरीची लांबी १९ सेंटीमीटर. उपग्रहापासून आपल्यापर्यंत अशा पूर्ण लहरी किती, हा हिशेब यंत्राला जुळला, की ‘फिक्स’. मग चूक सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरवर येते. जुळेपर्यंत ‘फ्लोट’, म्हणजे तळ्यात-मळ्यात.

शेवग्यापाशी मात्र फ्लोटच. अर्धा तास भालदारासारखा काठी धरून उभा होतो.

“दादा,” कुंपणापलीकडून आवाज आला. चार वर्षांनी. “वर एवढा पाला आहे. त्याला आकाश दिसायचं कसं? थांब, फांदी धरतो.”

बंधूंनी आकडीने फांदी ओढली. आकाश मोकळे झाले. फिक्स!

हिशेब केला. हद्द बुंध्याच्या ३ सेंटीमीटर अलीकडे निघाली. शेवगा त्यांचा. खिशातले पैसे मी घालावे आणि निकाल त्यांच्या बाजूने लागावा! तोंड राखायला मी म्हणालो, “तसे हे आकडे कायमचे नाहीत हं. भारताचा सगळा भूखंड वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतोय.”

बंधूंनी बोटांवर मोजले. “म्हणजे चार वर्षांत २० सेंटीमीटर. ८ इंच!”

“हो.”

“तू पण आणि मी पण?”

“दोघंही. विहीर, शेवगा, सगळंच. एकाच दिशेनं.”

बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आकडी उचलून भराभर शेंगा काढू लागले. म्हणाले, “वहिनींना सांग, सांबार टाका.”

त्या रात्री उपग्रहांना सुट्टी दिली. तवा खाली आणावा लागला.