घरातील ससे आणि त्यांची ठरलेली जागा

हल्ली खेड्यापाड्यांतील घरांतूनही मुलांच्या हट्टापायी पांढरे ससे पाळले जाऊ लागले आहेत. कापसाच्या गोळ्यासारखे ते जीव बुट्टीतून घरी येतात, आठ दिवस सर्वांचे लाडके होतात, आणि मग एके सकाळी कोणाच्या तरी गोधडीवर ओल दिसते. तेथून पुढे त्या घरात सशांविषयीची भाषा बदलते. ‘घाणेरडे जनावर’ असा शिक्का एकदा बसला की बहुधा दोनच गोष्टी घडतात. एक तर ते जन्मभर अरुंद पिंजऱ्यात पडते, नाही तर कोणीतरी ते ओढ्याकाठच्या झुडपांत सोडून येतो. माणसांत वाढलेल्या पांढऱ्या सशाला रानात लपता येत नाही. कुत्री व कोल्हे त्याचा निकाल लवकरच लावतात. विषय वरवर क्षुल्लक दिसला तरी त्यात एका मुक्या जिवाचे जगणे-मरणे गुंतलेले आहे. म्हणून आम्हांस अनुभवाने व जाणत्यांच्या सांगण्याने जे कळले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

खानापूर तालुक्यातील आमच्या घरी एक नर व एक मादी अशी जोडी आली, तेव्हा ती दोन-अडीच महिन्यांची होती. आमच्या मातोश्रींचे वय त्या वेळी ऐंशीच्या घरात. पहाटे अंधारात अनवाणी उठून चुलीकडे जाण्याचा त्यांचा नेम. गुळगुळीत फरशीवरील ओलीत त्यांचा पाय घसरला तर काय होईल, या धास्तीने घरात दोन तट पडले. मुले रडू लागली. शेजारचे एक काका तर ससे ओढ्यापलीकडे नेऊन सोडण्याची तयारी दाखवून गेले. मातोश्रींनी मात्र आठ दिवसांची मुदत मागितली. आयुष्यभर शेळ्या राखलेल्या त्या बाई; जनावराकडे पाहण्याची त्यांची दृष्टी निराळी. दोन दिवस ओट्यावर बसून त्यांनी पाहिले व म्हणाल्या, “शेळी चालता चालता लेंड्या टाकते. हा तसा नाही रे. हा जागा शोधतो, शेपूट उचलतो, मागे सरकतो, मगच बसतो. ह्याची जागा ह्याला द्या.”

त्यांच्या या बोलण्यातच सारे शास्त्र आले होते, हे आम्हांस पुढे वाचनाने समजले. आपल्या रानातला ससा आणि हा पाळीव ससा हे दोन वेगळे प्राणी होत. रानससा उघड्यावर, गवताच्या आडोशाला एकटा राहतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये त्यास धरणे वा पाळणे हा गुन्हा आहे. पाळीव सशाचे पूर्वज मुळात स्पेन व पोर्तुगाल या देशांतले. ते जमिनीत बिळे खणून घोळक्याने राहतात आणि शौचासाठी ठराविक जागा राखतात. त्या जागेच्या वासावरून ‘येथे आमची वस्ती आहे’ हे परक्यास कळते. हजारो मैलांवरून व शेकडो वर्षांवरून आलेली ही सवय घरातल्या सशाच्या अंगी अजून तशीच आहे. म्हणून त्यास शिकवायचे असे फारसे नसते. त्याने निवडलेला कोपरा ओळखून तेथे आपण पसरट भांडे ठेवावे, इतकेच मुख्य काम.

आम्ही जुना प्लास्टिकचा पसरट टब घेतला. ससा त्यात आडवा होऊन वळू शकेल इतका तो मोठा हवा, आणि चढण्याची बाजू बुटकी हवी. तळाशी जुन्या वर्तमानपत्रांचे जाड थर घातले, त्यावर भाताचा पेंढा पसरला, आणि टबाच्या एका टोकाला वाळलेले गवत भरून ठेवले. हे गवत महत्त्वाचे आहे, कारण ससा चरता चरताच लेंड्या टाकतो. जेथे खाणे तेथेच बसणे, अशी त्याची रीत असल्याने गवतासाठी तो टबात जातो व बाकीचे आपोआप साधते. देवदार वा तत्सम उग्र वासाच्या लाकडाचा कीस वापरू नये. तो सशाच्या यकृतास बाधतो. मांजरांसाठी मिळणारी, ओलीने गोळे बांधणारी मातीही नको. ती पोटात गेल्यास आतडी तुंबतात.

बाहेर पडलेल्या लेंड्या गोळा करून टबात टाकाव्या, आणि ओल ज्या कागदाने टिपली तो कागदही तेथेच ठेवावा. सशास वासावरून जागा कळते. टब रोज साफ करावा, पण थोडा जुना पेंढा राहू द्यावा. तो लख्ख धुऊन टाकला की ससा पुन्हा नवी जागा शोधू लागतो. फरशीवरील डाग मात्र पाणी घातलेल्या पांढऱ्या शिरक्याने पुसावा. सशाच्या मूत्रात चुन्याचा अंश पुष्कळ असतो. त्याचा पांढरा थर शिरक्याने विरघळतो व वासही जातो. आरंभी सशांस एकाच खोलीत ठेवावे आणि सवय जडली की घर हळूहळू मोकळे करावे. मऊ गोधड्या तोवर उचलून ठेवाव्या, कारण मऊ जागी बसण्याचा मोह त्यांस फार.

मारणे, ओरडणे, नाक घाणीत घासणे यांचा काडीचाही उपयोग नाही. ससा हा पळून जीव वाचविणारा प्राणी. शिक्षेचा व मूत्राचा संबंध त्यास कळत नाही. माणूस भयंकर आहे एवढेच कळते, आणि भ्यालेला ससा अधिकच घाण करतो.

वयाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास आमच्या नराने मातोश्रींच्या खाटेच्या पायाशी फवारे मारण्यास आरंभ केला. टब जवळ असूनही हे घडत होते. वयात आल्यावर नर-मादी दोघेही अशा खुणा करतात, नर अधिक. यास खच्ची करणे हाच खरा उपाय. सशांची शस्त्रक्रिया केलेले पशुवैद्य शोधून काढावे लागतात, पण शोधावे. सशास वांती होत नाही, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी त्यास उपाशी ठेवीत नाहीत, हे घरच्यांनी ध्यानात असू द्यावे. त्यानंतरही काही आठवडे नर फलदायी राहतो. तोवर जोडी वेगळी ठेवावी, नाहीतर सुमारे ३१ दिवसांत घरात पिलांचा घोळका दिसेल. मादीचेही गर्भाशय काढणे हितकारक, कारण वय वाढेल तसा तेथे कर्करोग होण्याचे प्रमाण सशांत फार आहे. आमच्या नराचे फवारे दीड महिन्यात थांबले. खाटेशी ओल दिसेनाशी झाली आणि ओढ्यापलीकडची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

पाच वर्षे अशी सुखात गेली. नंतर एका पावसाळ्यात तोच नर टबाच्या काठाशी, पाण्याच्या भांड्याशी, थेंबथेंब मूत्र करू लागला. धाकटी त्यास रागावू लागली, तेव्हा मातोश्रींनी तिचा हात धरला. “पाच वर्षे ज्याने नेम मोडला नाही, तो आज उगाच मोडेल का? त्याला काहीतरी होते आहे.” पाहिले तर त्याची पाठ वाकलेली, मागचे केस ओले. आम्ही त्यास बुट्टीत घालून बेळगावच्या एका पशुवैद्यांकडे नेले. क्ष-किरण चित्रात मूत्राशयात खडीसारखा गाळ साचलेला दिसला. औषधे झाली, मूत्राशय धुतले गेले. लसूणघास व शेवग्याचा पाला वर्ज्य करून पाणी भरपूर पाजण्यास सांगितले. उभ्या बाटलीपेक्षा उथळ भांड्यातून ससा अधिक पाणी पितो, हेही त्यांच्याकडूनच कळले. तीन आठवड्यांनी तो पुन्हा आपल्या टबात नीट बसू लागला.

त्या पावसात दिरंगाई झाली असती, तर ओल्या केसांवर माश्यांनी अंडी घालून अळ्या पडल्या असत्या. अशा अळ्यांनी ससा एक-दोन दिवसांतही दगावतो. म्हणून शिकलेला ससा अचानक बाहेर घाण करू लागला तर आधी त्याचे शरीर तपासावे: मूत्रमार्गाचा दाह, खडा, म्हातारपणी सांध्यांचे दुखणे. सांधे धरलेल्या सशास टबाचा काठ चढवत नाही. काठ कापून बुटका केला की त्याची अडचण दूर होते. मूत्र कधी कधी तांबूस दिसते. ते बहुधा खाल्लेल्या पाल्याच्या रंगाने. परंतु मादीच्या मूत्रात रक्ताचे थेंब दिसले तर थांबू नये.

ज्या घरी ससे आहेत व ज्यांचा धीर सुटत चालला आहे, त्यांनी बुट्टी उचलून ओढ्याकडे जाण्यापूर्वी दोन दिवस आपल्या वडीलधाऱ्यांस ओट्यावर बसवून त्या जनावराकडे नुसते पाहावयास सांगावे, एवढीच आमची विनंती आहे. कोपरा त्यांना दिसेल. आमच्या टबातील लेंड्या आता रोज परसातील शेवंतीच्या बुंध्याशी जातात, आणि त्या नेऊन टाकण्याचे काम मातोश्रींनी दुसऱ्या कोणास करू दिलेले नाही.