चोर्ल्याच्या वाटेने

प्रवासाला निघावयाचे म्हणजे आठ दिवस आधी बेत ठरवावा, बॅग भरावी, ज्याला जे सांगावयाचे ते सांगून ठेवावे, अशी मला सेमिनरीतील दिवसांपासून सवय आहे. गेल्या जानेवारीत मात्र मी एका रात्रीत उठून, कोबीने भरलेल्या टेंपोत बसून, घाट उतरून बार्देशातील एका लग्नाला जाऊन आलो. आमंत्रण मला नव्हतेच. ते होते मास्तरांना, आणि मास्तरांचा जावयाचा विचार नव्हता.

मास्तर म्हणजे आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षक व माझे स्नेही. (त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे, नाव घालू नये, एवढीच त्यांची अट.) त्यांचे धाकटे बंधू तरुणपणी नोकरीनिमित्त बेळगावहून गोव्यास गेले व तेथेच स्थायिक झाले. पुढे वडिलांच्या पश्चात घराच्या वाटणीवरून दोघांत शब्दाला शब्द लागला आणि आठ वर्षे बोलणे बंद राहिले. त्या बंधूंच्या मुलीचे हे लग्न. गोव्यात लग्नांची गर्दी असते ती नाताळ सरल्यावर व प्रायश्चित्तकाळ लागण्यापूर्वी. पत्रिका टपालाने आली ती तीन आठवडे मास्तरांच्या प्रार्थनापुस्तकात खुणेच्या जागी राहिली. रोज संध्याकाळी रोझरीच्या वेळी मला तिचा कोपरा दिसे, पण विचारण्याचा धीर होत नसे. धर्मगुरूला कोणालाही काहीही विचारता येते अशी लोकांची समजूत आहे. ती खरी नाही.

लग्नाच्या आदल्या रात्री आम्ही ओसरीवर बसलो असता आमचे तिसरे स्नेही, भाजीचे व्यापारी, दोन फ्लॉवर घेऊन आले. बेळगाव भागाची भाजी रोज घाट उतरून गोव्याच्या बाजारात जाते, हे आपणांस ठाऊक आहेच. "पहाटे चारला म्हापशाला निघालोय," ते सहज म्हणाले, "गाडीत जागा हाय की ओ मास्तर." मास्तर काही बोलले नाहीत. तेव्हा, का कोण जाणे, मीच म्हणालो, "मी येतो." बोलून गेल्यावर माझे मलाच नवल वाटले. शेजारच्या धर्मग्रामातील फादरांना दूरध्वनी करून सकाळची मिस्सा त्यांच्यावर सोपविली. पहाटे चार वाजता टेंपोजवळ जातो तो मास्तर आधीच उभे, अंगात डांबरगोळ्यांचा वास येणारा काळा कोट. "फादर एकटे कसे जातील," एवढेच ते म्हणाले.

पुढच्या बाकावर आम्ही तिघे, मागे कोबी व फ्लॉवर. जांबोटी मागे पडली आणि दोन्ही बाजूंनी रान सुरू झाले. जानेवारीतील पहाटेचा गारठा असा की खिडकीची काच पुसता पुसता हात बधिर होई. कणकुंबीला चहासाठी थांबलो. हे गाव लहान, परंतु महत्त्वाचे. मलप्रभेचा उगम येथलाच. येथून ती पूर्वेस जाऊन कूडलसंगमापाशी कृष्णेस मिळते. याच डोंगरातील कळसा नाल्याचे पाणी मात्र म्हादईत जाऊन पश्चिमेस गोव्यात उतरते. त्या पाण्यावरून दोन राज्यांत किती कडाक्याचा वाद झाला! लवादाने 2018 साली निवाडा दिला, पण वाद मिटला नाही. एका माथ्यावर पडलेला पाऊस दोन घरी वाटला जावयाचा, म्हणजे तंटा आलाच, असे मी म्हणालो आणि लगेच जीभ चावली. मास्तर चहाच्या पेल्याकडे पाहत होते.

मग त्यांनी आपण होऊन एक हकीकत सांगितली. 1955 साली भारत सरकारने पोर्तुगीज अमलाखालील गोव्याची नाकेबंदी केली. येणेजाणे तुटले. बेळगावकडची कितीतरी घरे अशी होती की ज्यांची निम्मी माणसे घाटाखाली. मास्तरांची एक आत्या गोव्यात आजोळी वाढलेली. तिचे लग्न त्या बंदीच्या काळात झाले. मास्तरांच्या वडिलांनी बहिणीसाठी बेळगावच्या बाजारातून तांबडे रेशमी कापड घेऊन ठेवले होते, कारण गोव्यात वधूला तांबडा साडो शिवण्याची चाल. ते कापड ट्रंकेतच राहिले. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, त्यानंतर वडील ते घेऊन गेले. बहिणीने कापड उलगडून पाहिले, पुष्कळ रडली, आणि त्यातून आपल्या दोन मुलींचे झगे शिवले. "बाबा मरेपर्यंत ही गोष्ट सांगत," मास्तर म्हणाले. "शेवटी म्हणत, सरकार आडवे आले."

व्यापारी स्नेही बशीतला चहा संपवीत होते. ते म्हणाले, "तेव्हा सरकार आडवं होतं ओ मास्तर. आता कोण हाय?"

मी सोळा वर्षे प्रवचने करीत आहे. इतके थोडक्यात मला कधी साधलेले नाही.

चोर्ला घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर. कर्नाटक व गोवा यांच्या सीमा येथे भिडतात, महाराष्ट्राचीही हद्द फार दूर नाही. माथा ओलांडून वळणे उतरू लागलो तोच पुढे गाड्यांची रांग दिसली. खाली एका वळणावर मालाने भरलेला ट्रक बंद पडला होता. सहा वाजले, सात वाजले. समोरच्या दरीत धुके असे साचलेले की जणू दुधाने भरलेली परातच. हळूहळू ऊन आले, धुके विरले व सत्तरीची हिरवी वनराई उघडी पडली. मी तो देखावा पाहत होतो. मास्तर घड्याळ पाहत होते. रस दहा वाजता होता. पावणेआठाला ते एकाएकी म्हणाले, "उशीर झालाच आहे. परत फिरू या." व्यापाऱ्यांनी मान बाहेर काढून मागे पाहिले. मागे ट्रक, बस, पुन्हा ट्रक. "फिरायला जागा न्हाई ओ," ते म्हणाले. घाटरस्ता अरुंद आहे म्हणून आजवर मी कुरकुर करीत आलो आहे. त्या दिवसापासून करीत नाही.

केरी, साखळी, डिचोली, अस्नोडा ही गावे भराभर मागे पडली. या वाटेवर मराठी कोठे संपते व कोंकणी कोठे सुरू होते हे सांगणे कठीण. साखळीत वाट विचारली ती मराठीत, उत्तर मिळाले ते कोंकणीत, आणि दोघांचेही काही अडले नाही. म्हापशास भाजी आधी उतरवावयाची होती, पण व्यापारी म्हणाले, "कोबी थांबतोय, लग्न थांबणार न्हाई." भाजीचा टेंपो थेट लग्नघराच्या मांडवासमोर जाऊन उभा राहिला. स्वयंपाकाच्या बायकांना वाटले, भाजी आली. त्या दोन पोती उतरवूनही मोकळ्या झाल्या! त्यांचे पैसे घेण्याचे व्यापाऱ्यांनी पुढे साफ नाकारले.

रस म्हणजे आपल्याकडील हळदीसारखाच विधी. वधूला अंगणात बसवून नारळाचा रस माखतात आणि मग ती कुमारिका म्हणून शेवटचे स्नान करते. पुष्कळ घरी हा विधी आदल्या दिवशी होतो, या घरी लग्नाच्याच सकाळी होता. मान आधी आईबापांचा, मग वडीलधाऱ्यांचा. आम्ही मांडवात शिरलो तेव्हा आईचा हात लावून झाला होता व बंधू वाडगे हाती घेऊन पुढे वाकले होते. त्यांनी वर पाहिले. सनईवाला वाजवीतच होता, बायका गात होत्या. बहुतेकांना काही कळलेही नसेल. ते सरळ उभे राहिले, चार पावले चालून आले आणि वाडगे मास्तरांपुढे धरून म्हणाले, "दादा, आधी तू."

मास्तरांचे हात असे कापत होते की निम्मा रस कोटावर सांडला. मुलीने डोळे मिटले होते ते उघडले. "काका, हात धुतलेत ना?" ती म्हणाली, "कोबीचा वास येतोय." सगळे हसले, मास्तरही हसले, आणि मग मात्र त्यांना पुढे काही करता येईना. बंधूंनी त्यांचा हात धरून मुलीच्या कपाळाला लावला.

दुपारी विवाह संस्कार झाला. स्थानिक धर्मगुरूंनी मला मिस्सात सहभागी करून घेतले, उपासना कोंकणीत झाली. जेवण, वाद्यवृंद, नाच यांविषयी लिहीत नाही. गोव्याच्या लग्नांत ते सर्वांनी पाहिलेले आहे. एक विधी मात्र सांगितला पाहिजे. रात्री पाहुणे पांगू लागले तेव्हा मुलीची माणसे एका बाजूस व मुलाची दुसऱ्या बाजूस अशी समोरासमोर उभी राहिली, आणि मध्ये जमिनीवर फेणीची धार सोडून रेघ ओढली गेली. हिला सीम म्हणतात. मुलगी आता पलीकडची झाली, ही तिची खूण. बाटली दोघे भाऊ मिळून धरून होते, त्यामुळे रेघ काही सरळ आली नाही. मुलाकडच्या एका वृद्धेने तसे बोलूनही दाखविले.

व्यापारी स्नेही रिकामा टेंपो घेऊन परत आले होते. बंधू आम्हांस थांबा म्हणत होते, परंतु सकाळची मिस्सा माझी वाट पाहत होती. मास्तरांच्या मांडीवर दोदोलाचे पुडके आणि घराची एक किल्ली होती. कोणत्या घराची, हे मी विचारले नाही. घाट चढताना ते झोपी गेले.

कणकुंबीच्या अबकारी नाक्यावर शिपायाने विजेरीचा झोत आत टाकला. मास्तरांच्या कोटाला रसाचे डाग, त्यावर फेणीचा वास. "गोव्याहून दारू आणली आहे काय?" त्याने दरडावून विचारले.

"न्हाई ओ," व्यापारी म्हणाले, "होती ती सगळी भुईवर ओतून आलोय."

शिपायाने माझ्या पांढऱ्या झग्याकडे पाहिले, झोपलेल्या मास्तरांकडे पाहिले, आणि आडकाठी वर केली.