चप्पल घालून हात लाव

आमच्या वाशीमच्या घरातल्या कूलरचं एक युजर मॅन्युअल आहे. ते छापलेलं नाही, आईच्या तोंडी आहे, आणि त्यात एकच ओळ आहे : "चप्पल घालून हात लाव."

विदर्भाबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. कूलर म्हणजे पत्र्याची पेटी. तीन बाजूंना ताट्या, खाली पाणी, पाण्यात पंप, समोर पंखा. वीज, पाणी आणि पत्रा, तिघंही एकाच खोलीत. कुठल्याही डिझाइन रिव्ह्यूत हे पास झालं नसतं. पण मे महिन्यातल्या दुपारी रिव्ह्यू करायला जागं कोण असतं?

गेल्या उन्हाळ्यात मी घरून काम करत होतो. कंपनीचा सुरक्षिततेचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा होता. खुर्चीची उंची किती, आग लागली तर कुठून पळायचं, वगैरे. २० पैकी २० मिळाले. सर्टिफिकेट डाउनलोडला लावलं आणि कूलरचा स्पीड वाढवायला अनवाणी गेलो. कोपरापर्यंत झणका बसला. आतून आईचा आवाज आला, "चप्पल कायले नाई घातली?"

म्हणजे चूक कूलरची नव्हती. माझी होती.

घरात प्रत्येकाची आपापली पद्धत होती. बाबा आधी हाताची उलटी बाजू लावून बघायचे. बहीण लाकडी पट्टीनं बटण दाबायची. ऑफिसात याला वर्कअराउंड म्हणतात. बग तसाच ठेवायचा आणि त्याच्या भोवतीनं चालायला सगळ्यांना शिकवायचं. मी तर इंजिनिअर. अर्थिंगवर परीक्षेत उत्तर लिहून मार्क घेतलेला.

दोन दिवसांनी सकाळी बघतो तर आई आंघोळ करून, ओल्या पायांनी, पाइपनं कूलरमध्ये पाणी भरतेय. कूलर चालू. पूजा होईपर्यंत ती चप्पल घालत नाही. सगळ्या घराला नियम शिकवणारी बाई स्वतः रोज त्या नियमाच्या बाहेर उभी होती.

"मले सवय हाय," ती म्हणाली.

मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. बाबांच्या बातम्या बंद पडल्या, त्यावरून बोलणी खाल्ली.

वायरमननं पाचच मिनिटांत कारण सांगितलं. पंपाच्या वायरचं कव्हर पाण्यात झिजलं होतं, करंट पत्र्यात उतरत होता. त्याला जमिनीत जायला वाटच नव्हती, कारण प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कुणीतरी कापली होती. कुणीतरी म्हणजे मी. बारावीत असताना. एक्स्टेन्शन बोर्डाला दोनच भोकं होती, म्हणून पक्कड घेऊन अडचण सोडवली होती. घरातलं माझं पहिलं इंजिनिअरिंग.

ती पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब असते, कारण ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी. मी नेमकी तीच कापली होती.

पिन नवी आली, वायर बदलली. अंगणातला अर्थिंगचा खड्डा उन्हानं कोरडा ठणठणीत झाला होता, त्यात पाणी ओतलं. कोरडी माती करंट नीट वाहून नेत नाही, आणि कूलर लागतो तो नेमका माती वाळण्याच्या दिवसांत. शिवाय आरसीसीबी बसवला. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो लाइन तोडतो. नऊ वॅटचा एलईडी बल्बसुद्धा याहून जास्त करंट घेतो. साधा १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याशा गळतीची दखलही घेत नाही, माणसाला मात्र ती पुरते.

आता पाणी भरताना नुसतं बटण बंद करायचं नाही, पिनच काढायची. बोर्डाचं वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असूनही आत वीज असू शकते. आरसीसीबीचं टेस्ट बटण मी महिन्याला दाबतो. बाबांच्या बातम्या तेवढ्यापुरत्या जातात.

नव्या पिनेनंतर आईनं पहिल्यांदा कूलरला हात लावला. थांबली. परत लावला.

"काहीच नाई होत," ती काळजीनं म्हणाली, "बिघडला का रे?"